ओळखतक्त्यात बसत नाही, एवढ्यावरून जाती नवी ठरत नाही

प्रश्न विचारणाऱ्या संशोधक विद्यार्थिनीचे म्हणणे थोडक्यात असे आहे. दक्षिण महासागराच्या हिंदी महासागराकडील भागात, सुमारे तीन हजार मीटर खोलीवरून काढलेल्या गाळात तिला तीन ते चार मिलिमीटर लांबीचे सात कवचधारी, म्हणजे खेकडे-कोळंबीच्या नात्यातले जीव, मिळाले. ते आयसोपॉड गणातील मॅक्रोस्टायलिस या प्रजातीचे आहेत, इथपर्यंत ओळख पटली. पुढे मात्र हाताशी असलेल्या कुठल्याही 'की'मध्ये, म्हणजे ओळखतक्त्यात, ते बसत नाहीत. मार्गदर्शकांच्या मते ही नवी जाती आहे आणि सहा महिन्यांत शोधनिबंध व्हायला हरकत नाही. तेव्हा वर्णन कसे लिहावे, डीएनए अनुक्रम द्यावाच लागतो का आणि नाव ठेवताना कोणते नियम पाळावे लागतात, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

आधी शब्दांचा खुलासा करतो. वृत्तपत्रांत 'प्रजाती' हा शब्द सर्रास स्पीशीज या अर्थाने येतो. मी मात्र शालेय पाठ्यपुस्तकांप्रमाणे जीनसला प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणणार आहे, कारण या उत्तरात दोन्हींमधला फरक पावलोपावली लागणार आहे.

तुमचे तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते शेवटच्या टप्प्यातले आहेत. त्यांच्या आधी दोन गोष्टींची उत्तरे हाती हवीत. हे सात जीव एकाच जातीचे आहेत हे कशावरून, आणि त्या जातीला यापूर्वी कुणी नाव दिलेले नाही हे कशावरून? वर्णन लिहिणे हे कष्टाचे असले तरी शिकता येण्याजोगे काम आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे कच्ची राहिली तर मात्र सुबक आकृत्यांनी भरलेला निबंधही पुढच्या अभ्यासकाला डोकेदुखी ठरतो.

ओळखतक्त्यावर तुमचा भरवसा थोडा जास्त आहे, असे मला वाटते. कोणताही तक्ता तो तयार झाला त्या दिवसापर्यंत माहीत असलेल्या जातींपुरता, बहुधा एखाद्या प्रदेशापुरता आणि अनेकदा केवळ प्रौढ मादीपुरता किंवा केवळ प्रौढ नरापुरता खरा असतो. तुमचा नमुना त्यात बसला नाही तर त्याचा अर्थ चार प्रकारे लावता येतो: तक्ता जुना आहे, तुमच्या हातात पिल्लू आहे, तुमच्या हातात ज्या लिंगाचे वर्णन झालेलेच नाही असा नमुना आहे, किंवा जाती खरोखर नवी आहे. यांतले पहिले तीन अर्थ खोडून काढल्याशिवाय चौथा सिद्ध होत नाही.

मार्गदर्शकांचा अंदाज मात्र हवेतला नाही. २००२ ते २००५ या काळात 'पोलारश्टेर्न' या जर्मन जहाजावरून झालेल्या अँडीप मोहिमांत दक्षिण महासागराच्या खोल तळातून आयसोपॉडांच्या ६७४ जाती वेगळ्या काढण्यात आल्या आणि त्यांपैकी ५८५ जाती विज्ञानाला नव्या होत्या. याला कारणही आहे. हे प्राणी पाण्यात मोकळ्या अळ्या सोडत नाहीत. मादी आपली पिल्ले पोटाखालच्या शिशुधानीत वाढवते आणि ती जवळपासच्याच गाळात उतरतात. त्यामुळे प्रवाहाबरोबर दूरवर पसरण्याची सोय नाही, आणि एका खोऱ्यातील वस्ती शेजारच्या खोऱ्यापासून फार काळ तुटलेली राहू शकते. म्हणून अशा ठिकाणचा एखादा मॅक्रोस्टायलिस नवा निघण्याची शक्यता बरीच मोठी आहे. पण परीक्षक शक्यता पाहून पसंती देत नाही, तो तुलना मागतो.

माझी स्वतःची पहिली 'नवी जाती' याच वळणावर फसली होती. एका मोहिमेतील तीन नमुन्यांच्या पहिल्या स्पर्शिका इतक्या जाड आणि संवेदी रोमांनी इतक्या गच्च भरलेल्या होत्या की तशी आकृती मला कुठल्याच निबंधात सापडली नाही, आणि मी हौसेने संपूर्ण वर्णन लिहून टाकले. परीक्षकाने एकच ओळ लिहून पाठवली: याच ठिकाणच्या माद्या तुम्ही पाहिल्या आहेत का? माद्या माझ्याच कपाटात, दुसऱ्या कुपीत, एका ज्ञात जातीच्या नावाखाली ठेवलेल्या होत्या. त्या कुपीतला एक मादीसारखा दिसणारा नमुना मी मोठ्या भिंगाखाली घेतला, तेव्हा त्याच्या जुन्या कवचाच्या आत, मोज्यात घडी घालून ठेवावे तसे, नव्या स्पर्शिकेचे लांब रोम दुमडून बसलेले दिसले. तो कात टाकण्याच्या बेतात असलेला नर होता. माझी नवी जाती म्हणजे जुन्याच जातीचा वयात आलेला नर होता. मॅक्रोस्टायलिसच्या कुलात नर-मादीतील हा फरक इतका ठळक असतो की २०१२ साली वायव्य अटलांटिकमधील या कुलावर जे मोठे काम प्रसिद्ध झाले, त्याच्या शीर्षकातच लिंगभेदाचा खास उल्लेख आहे.

तेव्हा सर्वांत आधी सातही नमुने न कापता उलटे करून पोटाकडून पाहा. या गटातील मादीला पहिली प्लिओपॉड, म्हणजे पोटाकडील पहिली उपांगजोडी, नसते आणि दुसरी जोडी एकत्र जुळून एकच झाकण झालेले असते. नरात पहिली जोडी मध्यरेषेवर जुळलेली असते आणि दुसऱ्या जोडीला बारीक सळईसारखा अवयव असतो. पायांच्या सातही जोड्या मोजा. सातवी जोडी नसेल किंवा नुसता कोंब दिसत असेल तर ते मँका अवस्थेतले पिल्लू आहे, आणि पिल्लावरून जाती उभी करू नये. मादीच्या पायांच्या मुळाशी शिशुधानीची पाने पूर्ण वाढलेली आहेत, अर्धी आहेत की अजिबात नाहीत, हेही टिपा. हे सारे एका दुपारचे काम आहे आणि त्यानंतर 'सात नमुने' या शब्दांना अर्थ येतो. दोन प्रौढ माद्या, एक प्रौढ नर, चार पिल्ले अशी वाटणी निघाली तर तुमच्याकडे खऱ्या अर्थाने तीनच नमुने आहेत, असे समजावे.

यानंतर ध्रुवीय पाण्याची एक अडचण येते, जी उष्ण समुद्रांत काम केलेल्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. आपल्याकडे एखादी जाती दोनशे मीटरवरची आणि दुसरी तीन हजार मीटरवरची असेल तर खोलीचा हा फरक आपण वेगळेपणाचा आधार म्हणून सहज वापरतो. अंटार्क्टिकाभोवती तसे करता येत नाही. बर्फाच्या भाराने दबलेला आणि हिमनद्यांनी खरवडलेला तेथील भूखंडमंच (खंडालगतचा समुद्रतळ) इतर खंडांच्या मानाने फार खोल, सरासरी पाचशे मीटरच्या आसपास आहे, आणि वरपासून खालपर्यंत पाण्याच्या तापमानात फरक अगदी थोडा असतो. म्हणून तेथे खोल समुद्रातले जीव वर चढलेले आणि मंचावरचे जीव खाली उतरलेले आढळतात. तुमच्याच प्रजातीचे उदाहरण घ्या. अमुंडसेन समुद्रातून २०१२ साली वर्णिलेली मॅक्रोस्टायलिस रोआल्डी ही खोल समुद्राच्या कुळातली असूनही अंटार्क्टिकाच्या मंचावर सापडली, आणि तिच्या जनुकीय ठेवणीवरून ती तेथे अलीकडच्या काळात पसरली असावी, असे तिचे वर्णन करणाऱ्यांनी मांडले. दुसऱ्या टोकाला याच प्रजातीचा एक सदस्य मॅरियाना गर्तेत दहा हजार मीटरहून खोल ठिकाणी सापडला आहे. त्यामुळे 'इतक्या खोलीवर याआधी कुणी मिळाले नव्हते' हे वाक्य टिपणात जरूर लिहा, पण जाती वेगळी असल्याचा पुरावा म्हणून वापरू नका.

अंतराचेही तसेच आहे, आणि तिथे चूक दोन्ही बाजूंनी होते. युरिथेनेस ग्रिलस हा खोल समुद्रातला मृतभक्षक ॲम्फिपॉड (कवचधाऱ्यांच्याच दुसऱ्या एका गणातला जीव) जगभरात पसरलेली एकच जाती मानला जात असे. २०१३ साली डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासल्यावर त्या एका नावाखाली अनेक जाती दडल्याचे दिसले. आणि गंमत म्हणजे त्यांच्यातलीच एक जाती दोन्ही ध्रुवांकडे आढळते असेही त्याच कामात निघाले. म्हणजे 'दूरचा आहे म्हणून वेगळा' हे जसे चूक, तसेच 'दिसायला सारखा आहे म्हणून एकच' हेही चूक. त्यानंतर २०१५ साली या गटातल्या दक्षिण महासागरातील एका जातीला जे नाव मिळाले ते आपल्याला ओळखीचे वाटेल: युरिथेनेस अंधकारे. नाव संस्कृत 'अंधकार' या शब्दावरून आहे आणि ते युरोपीय संशोधकांनी ठेवले आहे.

आता डीएनए. थेट उत्तर असे की प्राणिनामकरणाच्या नियमांत डीएनएची सक्ती नाही. केवळ शरीररचनेवर आधारलेले वर्णन पूर्णपणे वैध असते. पण तो द्यावा का, हे नमुने कशात जतन केले आहेत यावर अवलंबून आहे आणि ती माहिती तुमच्या प्रश्नात नाही. जहाजावर गाळ थेट फॉर्मेलिनमध्ये गेला असेल तर नेहमीच्या पद्धतीने अनुक्रम मिळण्याची आशा सोडून द्या आणि त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका, कारण फॉर्मेलिनमधले नमुने आकृत्या काढण्यासाठी अधिक चांगले राहतात. गाळ चाळल्यावर गार केलेल्या ९६ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवला गेला असेल आणि मध्ये कुणी तो टेबलावर विसरला नसेल, तर अनुक्रम जरूर काढा. ध्रुवीय जीवांच्या पेशी शून्य अंशाच्या आसपास काम करण्यासाठी घडलेल्या असतात. गोव्याच्या मे महिन्यात पेट्री डिश साध्या टेबलावर ठेवून चार तास नमुने निवडत बसलात तर त्यांच्या डीएनएचे तुकडे तुमच्या डोळ्यांदेखत होत असतात. डिशखाली बर्फ ठेवा. गुलाबी रंगाने, म्हणजे रोझ बेंगालने, नमुने रंगवण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. अनुक्रम काढायचा असेल तर ती टाळलेली बरी.

अनुक्रमासाठी अख्खा प्राणी दळून टाकणे हा मी पाहिलेला सर्वांत दुःखद प्रकार आहे. मागाहून शंका आली की दाखवायला काही उरत नाही. एका बाजूचे एक-दोन मागचे पाय पुरतात, पण पाय कुठल्या बाजूचा काढला ते लिहून ठेवा आणि दुसऱ्या बाजूचा तोच पाय आकृतीसाठी राखा. सीओआय या जनुकासाठी १९९४ पासून सर्वत्र वापरले जाणारे प्राइमर, म्हणजे जनुकाचा हवा तो भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, खोल समुद्रातल्या आयसोपॉडांवर बरेचदा फसतात. तेव्हा १६एस या दुसऱ्या जनुकाची तयारी आधीपासून ठेवावी. मिळालेल्या फरकाला 'अमुक टक्क्यांच्या वर म्हणजे नवी जाती' अशी ठरीव पट्टी लावू नये. मी स्वतः डीएनएचा उपयोग वेगळ्याच कामासाठी करतो. नर, मादी आणि पिल्लू एकाच जातीचे आहेत हे जोडून दाखवायला त्याच्याइतके खात्रीचे साधन नाही, आणि वर सांगितलेली माझी फजिती त्याने एका आठवड्यात टळली असती.

कात्री लावण्यापूर्वी अखंड प्राण्याचे चित्र आणि मापे होऊ द्या. सातांमधला सर्वांत धड, प्रौढ आणि पाय शाबूत असलेला नमुना होलोटाइप, म्हणजे जातीच्या नावाचा आधार ठरणारा एकमेव नमुना, म्हणून बाजूला काढा आणि शक्य असेल तर तो मुळीच कापू नका. उपांगे सोडवायची ती पॅराटाइपची, म्हणजे वर्णनासाठी वापरलेल्या बाकीच्या नमुन्यांची. होलोटाइप नर असावा की मादी, याला नियम नाही. ज्या लिंगावरून जवळच्या जातींची वर्णने झाली आहेत ते लिंग घेतले तर तुलना सोपी होते, एवढेच मी पाहतो. प्रौढ एकच असेल तर मात्र खरा पेच आहे. अशा वेळी मी होलोटाइपची फक्त एका बाजूची उपांगे काढतो आणि त्यांच्या प्रत्येक स्लाइडवर तोच क्रमांक घालतो, म्हणजे तुकडे झाले तरी तो एकच प्राणी आहे हे पुढच्या माणसाला कळते.

कापण्याचे काम थोडे जवळून सांगतो, कारण निबंधांमध्ये त्याची एक ओळही नसते. खोलगट स्लाइडमध्ये ग्लिसरीनचा थेंब घेऊन त्यात प्राणी कुशीवर ठेवावा. ग्लिसरीन दाट असल्याने सुटलेले उपांग जागच्या जागी थांबते. पाण्यात किंवा अल्कोहोलात ते भिरभिरत जाते. हत्यार म्हणून टोक काढलेली टंगस्टनची तार उत्तम, नाहीतर कीटकसंग्रहातल्या अगदी बारीक पिना काडीच्या टोकाला बसवून वापराव्यात. मी मागच्या पायांपासून सुरुवात करून पुढे येतो आणि जबड्याचे भाग शेवटी घेतो, कारण तोवर हात स्थिरावलेला असतो. दोन्ही बाजूंचे जंभ (मुख्य जबडे) काढावेच लागतात. डाव्या जंभावर जो हलता दातेरी भाग असतो तो उजव्यावर तसा नसतो. खोलीतला पंखा बंद करा. एकदा माझ्या एका नमुन्याचे दुसरे मॅक्सिला हे तोंडाजवळचे उपांग, जेमतेम धुळीच्या कणाएवढे, वातानुकूलन यंत्राच्या झोताने स्लाइडवरून गेले आणि ते पुन्हा कधीच सापडले नाही. त्या जातीच्या वर्णनात त्या उपांगापुढे 'उपलब्ध नाही' असे आजही छापलेले आहे.

लेबल हा क्षुल्लक वाटणारा पण जीवघेणा विषय आहे. कुपीच्या आत जाड कापडी कागदावर पेन्सिलीने किंवा काळ्या चिनी शाईने लिहिलेले लेबल हवे. लेझर प्रिंटरची अक्षरे अल्कोहोलमध्ये काही वर्षांत कागदावरून सुटून तळाशी काळ्या चुऱ्यासारखी जमा होतात आणि कुपीत एक निनावी प्राणी उरतो. लेबलावर जहाज, स्थानक क्रमांक, अक्षांश-रेखांश, खोली, उपकरण, चाळणीचे छिद्र आणि तारीख यांतले काही गाळू नये.

आकृत्या कॅमेरा ल्युसिडा (सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा कागदावर दाखवणारे उपकरण) लावून पेन्सिलीने काढा आणि नंतर संगणकावर रेषा पक्क्या करा. छायाचित्रे हवीतच, पण ती आकृतीची जागा घेत नाहीत, कारण आकृती काढताना प्रत्येक रोम मोजावा लागतो आणि मोजतानाच आपली चूक आपल्याला दिसते. तुमच्या प्राण्यात पहिले तीन छातीखंड एकमेकांत घट्ट बसून गाळ उकरण्यासाठी एक टणक पेटी झालेली असते, तिसऱ्या पायाच्या इस्चियमवर, म्हणजे बुडाजवळच्या एका खंडावर, उंचवटा असतो आणि शेपटाकडची उपांगे लांब सळईसारखी असतात. ही प्रजातीची लक्षणे आहेत, जातीची नव्हेत. त्यांच्या वर्णनात अर्धे पान घालवणारे मसुदे मी दर वर्षी परत पाठवतो. जातीचे वेगळेपण बहुधा त्या उंचवट्याचा आकार, त्यावरच्या जाड रोमांची संख्या, छातीखंडांच्या मागच्या कोपऱ्यांची ठेवण, पोटाकडचे काटे आणि शेपटीच्या ढालीचे लांबी-रुंदीचे प्रमाण अशा ठिकाणी दडलेले असते.

लक्षणे लिहिताना 'पाय लांब व केसाळ' अशा वाक्याचा उपयोग शून्य आहे. कशाच्या मानाने लांब? 'तिसऱ्या पायाच्या इस्चियमवरील उंचवटा टोकदार त्रिकोणी, त्याच्या टोकाशी एकच जाड रोम, तो शेजारच्या रोमांच्या दुप्पट लांब' असे लिहिले तर पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुपीतला प्राणी हातात घेतलेला माणूस हो किंवा नाही म्हणू शकतो. निदान, म्हणजे ही जाती इतरांपासून ओळखण्याचा मजकूर, सात-आठ ओळींत बसले पाहिजे आणि त्यातले प्रत्येक लक्षण किमान एका जवळच्या जातीपासून वेगळेपण दाखवणारे असले पाहिजे. सविस्तर वर्णन त्यानंतर, हवे तेवढे लांब. शेवटच्या टिपणात जवळच्या जाती एकेक नावानिशी घ्या आणि कोणत्या खुणेने तुमची जाती तिच्यापासून वेगळी पडते ते सांगा. मी परीक्षक असतो तेव्हा निबंध या टिपणापासून वाचायला लागतो.

या तुलनेसाठीच सर्वांत जास्त वेळ जातो. प्रजातीतल्या सर्व वैध जातींची यादी वर्म्स या सागरी जातींच्या जागतिक नोंदवहीत मिळते, पण यादी म्हणजे तुलना नव्हे. प्रत्येक जातीचे मूळ वर्णन वाचावे लागते. ही प्रजाती सार्स यांनी १८६४ साली स्थापन केली. इंगोल्फ या डॅनिश जहाजाने १८९५ आणि १८९६ साली आइसलँड-ग्रीनलँडच्या परिसरातून आणलेल्या आयसोपॉडांवर हान्सेन यांनी १९१६ साली लिहिलेला ग्रंथ आजही टेबलावर लागतो. वायव्य प्रशांत महासागरातील जातींचे बिरस्टाइन यांचे काम रशियन भाषेत आहे आणि ते टाळता येत नाही. भाषांतराची यंत्रे आता बरी झाली आहेत, पण उपांगांच्या नावांत ती हमखास घोटाळा करतात, म्हणून आकृतीशी पडताळून वाचा. जुन्या वर्णनात तुम्हाला हवे ते लक्षण दिलेलेच नसेल, तर ज्या संग्रहालयात त्या जातीचा प्ररूप नमुना (होलोटाइप) आहे तेथील संग्रहपालाला पत्र लिहून त्या विशिष्ट भागाचे छायाचित्र मागा. विनंती नेमकी असेल तर बहुतेक वेळा मदत मिळते. 'आपल्याकडील सर्व मॅक्रोस्टायलिस पाठवा' असे लिहिलेत तर उत्तर येणार नाही, आणि ते योग्यच आहे.

नियमांचे प्रकरण त्या मानाने लहान आहे. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्यानुसार नाव नवे असल्याचे स्पष्ट म्हटले पाहिजे, होलोटाइप निश्चित केला पाहिजे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाणार आहे हे लिहिले पाहिजे. निबंध केवळ ऑनलाइन निघणार असेल तर २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे प्रसिद्धीपूर्वी झूबँक या प्राणिनावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत त्याची नोंद हवी आणि त्या नोंदीचा पुरावा निबंधातच छापलेला हवा. हे राहिले तर नाव ग्राह्य धरले जात नाही. आणखी एक सावधगिरी म्हणजे प्रबंधात, परिषदेच्या भित्तिपत्रकात किंवा समाजमाध्यमावर नवे नाव आधी लिहू नका. तेथे 'मॅक्रोस्टायलिस, जाती अ' एवढेच पुरे.

भारतात काम करणाऱ्यांसाठी जैविक विविधता कायदा, २००२ मधील कलम ३९ महत्त्वाचे आहे. नव्या जातीची माहिती नियुक्त भांडाराला कळवून तिचे नमुने तेथे जमा करणे त्यात अपेक्षित आहे. कोलकात्याचे भारतीय प्राणिसर्वेक्षण आणि सागरी जीवांसाठी दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ही अशी भांडारे आहेत. नमुना ६० अंश दक्षिण अक्षांशाच्या पलीकडचा असेल तर अंटार्क्टिक कराराचे क्षेत्र लागते, आणि त्यासाठी मोहिमेचा परवाना कुणाच्या नावे व कशासाठी होता हे पाहावे लागते. त्याची प्रत आताच मागून ठेवा. निबंध स्वीकारला गेल्यावर ती शोधण्याची वेळ आली की महिने जातात. एखादा पॅराटाइप परदेशी संग्रहालयाला द्यायचा विचार असेल तर आधी आपल्या संस्थेची लेखी परवानगी घ्यावी.

नाव ठेवणे हा सर्वांच्या आवडीचा भाग, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. मॅक्रोस्टायलिस हे नाव स्त्रीलिंगी असल्याने जातीचे नाव विशेषण असेल तर तेही स्त्रीलिंगी रूपात हवे. व्यक्तीच्या नावावरून ठेवायचे तर एका पुरुषासाठी शेवटी 'इ' आणि एका स्त्रीसाठी 'ए' असा प्रत्यय लागतो; रोआल्डी हे नाव रोआल्ड अमुंडसेन यांच्यावरून तसेच आले आहे. स्वतःचे नाव देण्यास संहितेत बंदी नाही, पण तसे कुणी करत नाही. प्रशांत महासागरातील धातुगोळ्यांच्या प्रदेशातल्या एका जातीला २०२० साली मेटॅलिकोला हे नाव मिळाले, त्यात धातूवर राहणारी हा अर्थ आहे आणि मेटॅलिका या बँडचे स्मरणही आहे. तेव्हा गंमतीला मज्जाव नाही. 'अंटार्क्टिका'वरून नाव ठेवण्याचा मोह मात्र आवरा, त्या वळणाची नावे आधीच उदंड झाली आहेत. मराठी किंवा संस्कृत शब्द चालतो, फक्त निबंधात त्याचा अर्थ आणि व्युत्पत्ती द्या.

राहता राहिले सहा महिने. एखादी नवी जाती प्रथम गोळा होण्यापासून तिचे वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी २१ वर्षे लागतात, असे २०१२ साली झालेल्या एका मोजणीत दिसले होते. अर्थात त्यातली बहुतेक वर्षे नमुना कपाटात पडून राहण्याची असतात. तुमच्या बाबतीत प्रौढ नर आणि मादी दोन्ही हाती असतील, उपांगे शाबूत असतील आणि संग्रहालये वेळेवर उत्तर देतील, तर आकृत्यांना चार महिने, तुलनेला सहा ते आठ महिने आणि परीक्षणाला आणखी सहा, असा माझा हिशेब आहे. प्रौढ नमुना एकही नसेल तर आता थांबा आणि त्याच स्थानकावरच्या उरलेल्या गाळातून आणखी नमुने निघतात का ते पाहा. न निवडलेला गाळ बरेचदा संस्थेच्या शीतगृहातच पडलेला असतो. मार्गदर्शकांना हे सांगणे अवघड वाटत असेल तर सातांची लिंग-वय वाटणी एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. कागद पाहिल्यावर त्यांनाही सहा महिन्यांचा आग्रह धरवणार नाही.

यापुढचे मत देण्यासाठी मला तीन गोष्टी लागतील: नमुने कशात आणि कोणत्या तापमानाला ठेवले आहेत, स्थानकाचे नेमके अक्षांश-रेखांश व खोली, आणि सातांपैकी प्रत्येकाचे पोटाकडून काढलेले एक छायाचित्र, ज्यात प्लिओपॉड आणि सातवा पाय दिसेल. ती छायाचित्रे येईपर्यंत कुठलाही नमुना कापू नका.